आमच्यात कुणालाच नाही

"रिपोर्ट नॉर्मल आहे" हे वाक्य मी आजवर सात वेळा ऐकलं. सहा वेळा माझ्यासाठी आणि एकदा माझ्या मुलीसाठी. दुसऱ्या कुणाला ते ऐकून हायसं वाटत असेल, मला दर वेळी रडू यायचं. छाती फुटतेय, घसा आवळलाय, हातापायाला मुंग्या आल्यात, आता दोन मिनिटांत आपला खेळ आटोपला असं वाटत असताना समोरचा माणूस कागद दाखवून सांगतो की तुम्हाला काही झालेलं नाही. मग हे जे झालं ते काय होतं, हे कुणी सांगायचं? परत येताना आमचे हे गाडी चालवता चालवता म्हणायचे, चला, बरं झालं, काय न्हाई. त्यांना तरी काय बोलायचं? साखर कारखान्यात फिटरचं काम करून दमून आलेला माणूस, उपाशीपोटी तीन तास दवाखान्याच्या बाकड्यावर बसल्यावर एवढं बोलला हेच पुष्कळ.

मी शोभा. रहिमतपूरला राहते, घराच्या पुढच्या खोलीत ब्लाऊज शिवते. वय सेहेचाळीस. माझा हात कात्रीचा, पेनाचा नाही, त्यामुळं हे कसं उतरेल ठाऊक नाही. पण लिहायला बसले त्याला कारण आहे. सांगलीत एका डॉक्टरांसमोर मी खोटं बोलले, आणि तेव्हा माझी मुलगी शेजारच्या खुर्चीत बसली होती. तुमच्यातलं कुणी तसं खोटं बोलायच्या बेतात असेल तर आधी हे वाचा.

माझं पित्त

पहिल्यांदा मला झालं तेव्हा स्नेहल पोटात होती, सातवा महिना. कोरेगावला एका मंगल कार्यालयात नात्यातलं लग्न होतं. पंगतीत मधोमध बसले होते. पुढं माणसं, मागं माणसं, वाढपी पायात पाय घालून फिरतायत. एकाएकी कान बधिर झाले आणि वाटलं, आता मेलेच. उठता येईना, ओरडता येईना. कुणीतरी पाणी मारलं. बायका म्हणाल्या, दिवस गेलेल्या बाईला गर्दीत कशाला आणायचं, दृष्ट लागली. घरी आल्यावर मीठमिरच्या ओवाळून टाकल्या.

बाळंतपण झालं तरी ते काही गेलं नाही. कधी एसटीत, कधी बँकेच्या रांगेत, कधी तर मशीनवर बसल्या बसल्या काही कारण नसताना. मग उतारे झाले, गंडे झाले, गुरुवार झाले. मधेमधे ईसीजी. शेवटी साताऱ्यातल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी नीट बसवून विचारपूस केली. म्हणाले, हृदय तुझं ठणठणीत आहे, हा भीतीचा आजार आहे, मनाच्या डॉक्टरला दाखव. तोवरची म्हणून एक गोळी दिली. मनाच्या डॉक्टरकडं मी गेले नाही. गोळी मात्र वर्षानुवर्षं त्यांच्याकडूनच लिहून आणली आणि घरात सांगितलं, पित्ताची आहे. एवढी वर्षं पित्त टिकलेली बाई साऱ्या जिल्ह्यात दुसरी नसेल, पण कुणी विचारलं नाही.

बाकी मी जगायच्या युक्त्या शिकले. लग्नात दाराजवळची खुर्ची. एसटीत पहिलं बाकडं. यात्रेला पोट दुखतंय. अशा युक्त्या करण्यात माणूस किती दमतं ते करणाऱ्यालाच कळतं. शिवण करून कधी नाही दमले इतकी मी यानं दमले.

आणि मनात एकच धाक होता, की हे माझ्यापुरतं राहू दे.

तिचं

स्नेहल बी.एस्सी. झाली आणि तिला शिरवळला औषधांच्या कंपनीत, लॅबमध्ये नोकरी लागली. आमच्या भावकीत नोकरीसाठी एकटी खोली घेऊन राहणारी ती पहिली मुलगी. त्यासाठी घरात दोनदा भांडणं झाली, दोन्ही वेळा मीच भांडले. शनिवारी रात्री यायची, सोमवारी पहाटेच्या गाडीनं जायची. साताऱ्याच्या पुढं खंबाटकीचा बोगदा लागतो. एका सोमवारी तिथं आत ट्रक बंद पडला आणि मागं सगळी रांग अडकली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. स्नेहल उठून दार उघडा म्हणून ओरडायला लागली, आणि दार उघडल्यावर बोगद्यातून पळत सुटली. कंडक्टर आणि एक बाई मागं धावली म्हणून बरं, नाहीतर कुठल्या गाडीखाली गेली असती कोण जाणे.

तिला साताऱ्याच्या दवाखान्यात आणलं होतं. मी पोचले तेव्हा ती कॉटवर बसलेली, चेहरा पांढराफटक, हाताची बोटं आखडून वाकडी झालेली. ती बोटं बघितली आणि मला काही विचारायचं उरलं नाही. माझी तशीच होतात. ईसीजीचा कागद यायच्या आधी मला माहीत होतं त्यावर काय असणार.

आणि मी काय केलं? म्हणाले, उपाशी गेलीस म्हणून चक्कर आली.

हे मी तिला जवळ घेऊन सांगत होते. उंची बापाची, केस आजीचे, आणि हे माझं. मीच दिलं हिला, असं सारखं वाटायचं. देताना तर कुणी विचारलंही नव्हतं.

त्यानंतर ती शिरवळला गेलीच नाही. आधी आठवडाभर म्हणाली, मग पंधरा दिवस. न्हाणीघराची कडी लावेना. देवळात गाभाऱ्यापाशी जाईना. जेवताना घास अडकेल म्हणून पातळ वरण पिऊन राहायची. मी एकदा चिडून म्हणाले, "नाटकं पुरे कर गं आता." हे मी म्हणाले. मी, जिला सगळं माहीत होतं. ते आठवलं की अजून स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

कंपनीचं पत्र आलं, एक तारखेला हजर व्हा, नाहीतर जागा भरतो. हातात महिनाभर होता. तिनं पत्र वाचलं आणि शांतपणे म्हणाली, "आई, मी वेडी होणारेय. नोकरीचं काय घेऊन बसलीस?"

गावात गोष्ट लपते होय? शेजारी जाऊबाई राहतात. त्या चहा पिता पिता म्हणाल्या, आडात असतं तेच पोहऱ्यात येतं, शोभाच्या माहेरात कुणाला होतं का बघा. मी कात्री खाली ठेवली आणि त्यांना ऐकवलं, की माझ्या माहेरात सुभेदार निपजलेत, भित्रे नाही. माझे चुलते, आप्पा, कडेगावला असतात, फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. प्रत्येक लग्नाकार्यात त्यांचं एक वाक्य ठरलेलं असायचं, की आपल्या घरात भ्यालेलं माणूस जन्माला आलेलं न्हाई. तेच मी जाऊबाईंच्या तोंडावर फेकलं. गोळी पदराआड ठेवून.

सांगलीच का

साताऱ्यात मनाचे डॉक्टर नाहीत असं नाही. पण साताऱ्यात दर गल्लीला आमच्या गावचं माणूस भेटतं, आणि मुलीला स्थळं यायला लागली होती. म्हणून सांगली. घरी, शेजारी, सगळीकडं सांगितलं, कडेगावला आप्पांकडं जाऊन येतो. रहिमतपूर स्टेशनवरून रेल्वेनं गेलो, दाराजवळच्या बाकावर बसून.

तिथल्या बाहेरच्या खोलीत गेलं की नंबर घ्यायचा आणि रेक्झिनच्या बाकड्यावर बसायचं. निम्मी माणसं तोंड बांधून बसलेली. कुणी ओढणी, कुणी मफलर, निमित्त उन्हाचं. कुणी कुणाकडं बघत नाही. मला ते बघून उलट बरं वाटलं होतं, की आपल्यासारखीच आहेत सगळी.

डॉक्टरांनी स्नेहलला अर्धा तास बोलतं केलं. मग आजाराचं नाव सांगितलं, पॅनिक डिसऑर्डर. म्हणाले, शरीर धोका नसताना धोक्याची घंटा वाजवतं, यानं माणूस मरत नाही आणि वेडंही होत नाही, उपचार आहेत. मग पेन उघडून मला विचारलं, "घरात, नात्यात आणखी कुणाला असा त्रास?"

आता आमच्याकडची रीत सांगते. मुलगी बघायला पाहुणे आले, पोहे झाले, चहा झाला, की त्यांच्यातला एखादा वडीलधारा मिशीवरून हात फिरवत विचारतो, घराण्यात काय हाय का? म्हणजे कोड, फिट, वेड. खाण तशी माती, असं त्यांचं गणित. त्याचं उत्तर आम्हाला शिकवावं लागत नाही. माझ्या लग्नात माझ्या आईनं दिलं, तिच्या लग्नात तिच्या आईनं दिलं असेल. डॉक्टरांनी विचारलं आणि मी पाहुण्यांना द्यायचं तेच उत्तर देऊन टाकलं.

"छे, छे. आमच्यात कुणालाच नाही."

डॉक्टरांनी लिहून घेतलं. स्नेहलनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. मला वाटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची, मी पोरीला वाचवलं.

गोळ्या तिनं आठ दिवस घेतल्या आणि सोडल्या. डॉक्टरांनी रोज थोडं थोडं बाहेर जायला सांगितलं होतं, तेही बंद. मी ओरडले, विनवण्या केल्या, आमचे हे पहिल्यांदाच तिच्यावर चिडले आणि मग स्वतःच घरामागच्या परड्यात जाऊन बसले.  विचारलं तर स्नेहल एवढंच म्हणायची, माझ्यातच काहीतरी फॉल्ट आहे, गोळ्यांनी काय होणार. हे ती कुठून घेऊन आली ते मला कळत नव्हतं. इतकी मी ठार आंधळी.

आप्पा

तीन आठवड्यांनी पुन्हा बोलावलं होतं. हाता-पाया पडून तिला नेलं. एक तारीख चार दिवसांवर होती. पुन्हा तेच सांगितलं, कडेगावला आप्पांकडं जातोय.

बाकड्यावर जागा मिळाली. समोर एक म्हातारा माणूस नाकापर्यंत मफलर गुंडाळून, पाठ अशी ताठ ठेवून बसलेला की जणू आत्ता कुणी सावधान म्हणणार आहे. मांडीवर मिलिटरी कॅन्टीनची पिशवी, त्यातून साबणाच्या वड्या दिसत होत्या. ती पाठ मी जन्मापासून ओळखते. न राहवून उठले.

"आवं आप्पा, तुमी हितं?"

आप्पांनी मफलर खाली केला. म्हणाले, पेन्शनचं जरा काम होतं. त्यांच्या डोक्यावर हातभर मोठ्या अक्षरात पाटी होती, मनोविकार तज्ज्ञ. मीही काही कमी नाही. म्हणाले, आम्ही तुमच्याकडंच निघालो होतो, वाटेत थांबलो. कडेगावला जायला सांगली वाटेत लागत नाही, हे शाळेतल्या पोरालाही कळेल.

स्नेहल आमच्या दोघांकडं आळीपाळीनं बघत होती. आणि हसायला लागली. तोंडावर ओढणी दाबून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. दोन महिन्यांत ती हसली नव्हती. तिचं हसू बघून आप्पाही हसले, आणि मग त्यांचा चेहरा एकदम उतरला. ते उठून आमच्या बाकड्यावर आले.

कुणाला त्रास आहे, त्यांनी विचारलं. मी पोरीकडं हात केला.  आप्पा पिशवीच्या बंदाशी चाळा करत हळू आवाजात बोलायला लागले.

"मी गोळीबारात भ्यालो न्हाई गं शोभे. रिटायर हुन घरी आलो, न्हाव्याच्या खुर्चीत बसलो, त्यानं गळ्याला फडकं बांधलं, आन वाटलं मेलोच आता. आर्धी दाढी तशीच ठिवून पळालो."

आप्पा दाढी घरीच करतात, केसही काकूच कापते, ही आमच्याकडं कौतुकाची गोष्ट होती. फौजी शिस्त म्हणायचो आम्ही. सहा वर्षं ते या डॉक्टरांकडं येत होते. काकूला कॅन्टीनला जातो म्हणून सांगायचं, आणि पुरावा म्हणून खरंच साबण आणि बिस्किटं न्यायची.

मग ते म्हणाले, हे माझ्यापासून नाही. तुझ्या बापाला होतं.

माझे वडील मी लग्नाची व्हायच्या आतच काविळीनं गेले. आमच्या घरात ते विसराळू म्हणून प्रसिद्ध होते. बाजाराला निघाले की अर्ध्या वाटेतून परत यायचे. कधी पाकीट विसरलं, कधी पिशवी. आम्ही पोरं त्यांना चिडवायचो आणि तेही हसायचे.

"काय इसरत न्हवता त्यो," आप्पा म्हणाले. "गर्दीच्या वाटंला त्येला धडकी भरायची. मला एकट्याला सांगितलं व्हतं. मी त्येला भेकड म्हणलो. त्यावर परत मरंपतूर शब्द काढला न्हाई त्यानं."

एवढं बोलून आप्पांनी मफलर पुन्हा वर घेतला, पण या वेळी डोळे पुसायला. बाकड्यावरची माणसं इकडंतिकडं बघत राहिली. माझे वडील त्या रस्त्यावरून किती वेळा एकटे परत आले असतील, आणि आल्यावर आमच्यासाठी हसले असतील. मला तिथंच हुंदका आला.

कागद

आमचा नंबर आला. आत जाऊन मी बसले नाही. उभ्यानंच डॉक्टरांना सांगितलं की मागच्या खेपेला मी खोटं बोलले. माझ्या वडिलांना होतं. माझ्या चुलत्यांना आहे, ते बाहेर बसलेत. आणि मला आहे.

शेवटचे तीन शब्द म्हणताना मी स्नेहलकडं बघितलं नाही. तेवढी हिंमत नव्हती.

डॉक्टरांना फार नवल वाटलेलं दिसलं नाही. त्यांनी जुना कागद उलटा केला, मागं चौकोन आणि गोल काढले, पुरुषांचे चौकोन, बायकांचे गोल. वडील, आप्पा, मी, स्नेहल, आणि आजार आहे म्हणून चौघांच्या आत रेघा मारल्या. म्हणाले, घराण्यातून कल येतो, आजार येईलच असं नाही. एकाच जीनचं हे काम नसतं, पुष्कळ बारीक बारीक गोष्टी एकत्र येतात, वर आयुष्यातला ताण, आणि मग कुणाला होतं, कुणाला आयुष्यभर होत नाही. यात कुणाची चूक नसते, असंही ते माझ्याकडं बघून म्हणाले. डॉक्टरांना म्हणायला काय जातं. पण मी ते वाक्य पदरात बांधून घेतलं, अजून सोडलेलं नाही.

स्नेहलनं विचारलं, "माझ्या मुलांना होईल?"

त्यांनी तिला फसवलं नाही. म्हणाले, इतरांपेक्षा शक्यता जरा जास्त. पण झालं तर तुला पहिल्या दिवशी ओळखता येईल, आणि काय करायचं ते माहीत असेल.

मग मी खुर्चीत बसले. माझ्या नावाचाही वेगळा केसपेपर काढला. वीस वर्षं उशिरा.

परत येताना

गाडीत स्नेहल माझ्याशी बोलली नाही. ताकारी गेलं, कराड गेलं. मी शेंगा घेतल्या, तिनं हात लावला नाही. मसूरच्या आसपास तिनं तोंड उघडलं आणि ती ओरडली असती तर परवडलं असतं, इतकं हळू बोलली.

"मागच्या वेळी मी शेजारी बसले होते, आई. तू म्हणालीस, आमच्यात कुणालाच नाही. मला वाटलं, म्हणजे मी एकटीच. एवढ्या सगळ्यांत मीच एक खराब निघाले."

 मी स्थळाचं सांगितलं, भावकीचं सांगितलं, तुझ्यासाठीच केलं म्हणाले. बोलता बोलता माझं मलाच कळत होतं की हे सगळं पोकळ आहे. शेवटी म्हणाले, "चुकलं माझं. नाटकं म्हणाले तेही चुकलं."

 तिनं विचारलं, तुला कधीपासून? मी म्हणाले, तू पोटात होतीस तेव्हापासून. पप्पांना माहीत आहे? नाही. आजीला होतं माहीत? नाही. कुणालाच? कुणालाच नाही. तिनं बोटांवर काहीतरी मोजल्यासारखं केलं आणि माझ्याकडं वळली.

"म्हणजे तूच एकटी होतीस की गं."

तिच्या त्या बोलण्यानं मी पार ढासळले. इतक्या वर्षांत मला कुणी असं म्हणालं नव्हतं, कारण कुणाला म्हणायला मी जागाच ठेवली नव्हती. स्टेशन येईपर्यंत ती माझा हात धरून बसली होती. रडून झाल्यावर आम्ही शेंगा खाल्ल्या.

त्या रात्री जेवणं झाल्यावर मी ह्यांना सगळं सांगितलं.  ते म्हणाले, मला एवढं परकं का धरलंस? रागावले होते, दोन दिवस नीट बोलले नाहीत. रागवायचा त्यांना हक्कच होता.

एक तारीख

उपचार म्हणजे काही जादू नाही. स्नेहलनं गोळ्या पुन्हा सुरू केल्या त्याला चारच दिवस झाले होते. डॉक्टर म्हणाले होते, जमलं तर जा, नाही जमलं तर परत ये, त्यात हार नाही. ती म्हणाली, जाते. पप्पा सोडायला येतो म्हणाले तर नको म्हणाली. मला एवढंच सांगितलं, "मला व्हायला लागलं तर फोन करेन. घाबरू नको, श्वास घे, असलं काही सांगत बसू नको. तुला पण होतं एवढंच सांग."

पहाटे ती गेली. साडेसातला जाऊबाई ब्लाऊजचं माप द्यायला आल्या, सोबत त्यांची विवाहित मुलगी. मी जाऊबाईंच्या खांद्याला टेप लावला आणि फोन वाजला. मागं गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते. स्नेहलचा आवाज अगदी बारीक झाला होता. गाडी बोगद्याच्या अलीकडं थांबलीय, म्हणाली, आई, होतंय.

दोघी माझ्या तोंडाकडं बघत होत्या. फोन घेऊन परड्यात जाता आलं असतं. मी टेप गळ्यात टाकला आणि तिथंच, त्यांच्यासमोर, तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलले.

"मला पण होतं, बाळा. बावीस वर्षं होतंय. माझ्या बापाला पण व्हायचं. बोल, मी हाय."

अकरा मिनिटं आम्ही फोनवर होतो. ती मधेच रडली, मधेच गप्प झाली, मग म्हणाली, गाडी सुटली, आणि आवाज तुटला. पुढं पाऊण तासानं तिचा मेसेज आला, पोचले.

फोन ठेवला तेव्हा जाऊबाईंनी विचारलं, कुणाला काय होतंय गं, शोभा?

मी त्यांना खुर्ची दिली आणि सांगितलं.